नमुन्याचा फोटो

पिक्सेल म्हणजे काय हे ताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी भिंगारच्या दुकानात बसून एका फ्रेमच्या पाठीमागे बारीक खिळे ठोकत होते. ताई म्हणजे दुकानाच्या मालकीण. त्यांच्या वडिलांनी बाजारपेठेत हे फ्रेमचं दुकान काढलं, ते गेल्यावर ताई चालवतात. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पलटणीतून निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, आणि सगळ्यांत जास्त, गेलेल्या माणसांचे फोटो.

"आपल्या वेबसाइटच्या पानावर एक ठिपका असतो," ताई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाही. पण कोणी पान उघडलं की तो फोन ह्या ठिपक्याच्या लक्षात राहतो. मग तो माणूस नंतर कुठंही काहीही बघत बसू दे, नाच बघू दे नाहीतर स्वयंपाक बघू दे, मधेच आपण त्याला आपली फ्रेम दाखवायची."

"त्याला कळत नाही का?"

"कळतं की. म्हणून तर घेतो."

मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. मला तशी पटकन भीती वाटते. नववीत शाळा सुटली तेव्हापासून असं आहे. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, भाऊ कामाला लागला होता, बाबा दिवसभर शिलाई मशीनवर, तेव्हा घरात चुलीपाशी कोणीतरी हवं होतं. ते कोणीतरी मी झाले. पुढं भिंगारला मावशीला जुळी झाली. मावशीचे यजमान इथं लष्कराच्या कार्यालयात नोकरीला. तिच्या मदतीला म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या पुढच्या आमच्या गावाहून एक रात्र आणि अर्धा दिवस एसटीत बसून आले. जुळी चालायला लागली आणि मी राहिले ती राहिलेच. ताईंनी मला दुकानात घेतलं. दाखला विचारला नाही, कितवी शिकलीस तेही विचारलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं, माउस हातात दिला आणि म्हणाल्या, "मोडला तर दुसरा आणू." हे वाक्य मी आजपर्यंत कोणाकडून दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

म्हणून त्या सांगतील ते मी जीव लावून शिकले. वेबसाइटच्या डोक्यात पिक्सेलच्या कोडची ओळ कुठं चिकटवायची, ती चालते आहे का हे कसं तपासायचं, फ्रेम बघून न घेता गेलेल्यांची यादी कशी करायची. त्या यादीत नावं नसतात. साधारण किती जण आहेत तेवढा एक आकडा दिसतो, बाकी कोण ते कोणालाच दिसत नाही. माणूस त्या यादीत किती दिवस राहील ते आपण एका चौकटीत लिहायचं. मी ताईंना विचारलं, किती लिहू. त्या म्हणाल्या, जास्तीत जास्त किती घेतंय बघ. एकशे ऐंशी दिवस घेत होतं. मी एकशे ऐंशी लिहिलं.

जाहिरातीवरची ओळही मीच लिहिली. "तुम्ही पाहिलेली फ्रेम अजून तुमची वाट बघते आहे." ताई वाचून म्हणाल्या, "नववीत मराठीला किती होते तुला?" मला वाटलं चुकलं काहीतरी. त्यांना आवडली होती.

पहिल्या महिन्यात तिसगावहून एका माणसाचा फोन आला, तो मी घेतला. आवाजावरून चाळिशीचा असावा.

"ताई, एक इचारू का? आमच्या घरी मयत झालंय, हे तुमाला कुनी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं, दादा."

"मंग मोबाईल उघडला की तुमची फ्रेम कशी काय हाय? सकाळी हाय, दुपारी हाय. आईचा दहावा उद्या हाय आमच्या. मी येकदाच बघितलं हुतं तुमचं पान, ते बी घेतलं न्हाई."

काय सांगायचं असतं ते ताईंनी शिकवलं नव्हतं.

"राग न्हाई हो," तो म्हणाला. "पर आई जित्तेपनी बी येवढ्यांदा हाक मारीत नव्हती." मग म्हणाला, "बारा बाय अठराची पाठवा. सागवानी. ती वाट बगतीया म्हनता ना."

मी ती ऑर्डर लिहून घेतली. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चालतंय म्हणायचं," आणि काउंटर पुसायला लागल्या. तेव्हा मला त्यांचं ते पुसणं काही वेगळं वाटलं नाही. मी माझ्याच आनंदात होते.

त्याच आनंदात मी दोन गोष्टी केल्या.

एक म्हणजे, वेबसाइटची लिंक आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवली. वर लिहिलं, ही मी केली आहे, उघडून पाहा. सगळ्यांनी उघडली. भावानं कंपनीत मित्रांना दाखवली. आत्यांनी, चुलत्यांनी, शेजारच्या वहिनींनी उघडली. बाबांनी बाजारात मशीनच्या फळीवर फोन ठेवून उघडली आणि पायजमे घ्यायला येणाऱ्या माणसांना दाखवली. त्या दिवशी पान बघणाऱ्यांचा आकडा एकदम चढला. मी ताईंना तो दाखवला आणि त्यांनी माझ्यासाठी भजी मागवली.

दुसरी गोष्ट त्यानंतर आठवडाभरानं झाली. पितृपक्ष जवळ आला होता. आमच्या धंद्यात तेव्हा फार घाई असते, कारण पितरांचं पान वाढायच्या आधी भिंतीवर फोटो लागायला हवा असं घरोघरी वाटतं. वेबसाइटवर एक सोय होती, फोटो टाकला की तो फ्रेममध्ये कसा दिसेल ते दिसायचं, हारासह आणि हाराविना. तिथं नमुना म्हणून आधीपासून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता. एक दिवस ताईंनी तो काढून टाकला. का काढला ते सांगितलं नाही. "दुसरा कोणाचा तरी टाक," एवढंच म्हणाल्या आणि माल आणायला नगरला निघून गेल्या.

कोणाचा टाकायचा? दुकानातले फोटो गिऱ्हाइकांचे, ते विचारल्याशिवाय वापरायचे नाहीत असा ताईंचा दंडक. माझ्या फोनमध्ये नीट समोरून काढलेला, पांढऱ्या भिंतीपुढचा एकच फोटो होता. मी भिंगारला निघाले तेव्हा बस स्टँडवर मीच काढला होता तो. बाबा, निळा शर्ट, हसावं का नको अशा बेतात. मी स्वतःला म्हटलं, आता पुरता टाकू, पिक्सेल चालतोय का ते तपासू, उद्या बदलू.

फोटो वर चढला, आणि मी काही करायच्या आत त्याच्यावर हार आला. हारासह हे आधीच निवडलेलं असायचं, बहुतेक लोकांना तेच हवं असतं म्हणून मीच तसं करून ठेवलं होतं. पांढरा, टपोऱ्या मोगऱ्याचा, बाबांच्या गळ्याशी नीट बसलेला. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकूनसुद्धा हार घालत नाहीत. सत्कारात गळ्यात घालतील, फोटोला नाही. घाईघाईनं मी 'हाराविना'वर टिचकी मारली. हार गेला. बाबा पुन्हा नुसते निळ्या शर्टात. पान तपासलं, सगळं ठीक दिसलं. मी देवाला हात जोडले आणि कॉम्प्युटर बंद केला.

दोन्ही फोटो जपून ठेवले गेले होते हे मला माहीत नव्हतं. आमचा जाहिरातीचा कॅटलॉग रोज सकाळी वेबसाइटवरून आपोआप ताजा व्हायचा, आणि तो पहिला फोटो उचलायचा. पहिला हाराचा होता. दुसऱ्या दिवशी ऑर्डरींच्या गर्दीत मी बदलायचंही विसरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. तो बुटीबोरीला कंपनीत असतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला होता.

"कधी झालं वं?" तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता.

"काय कधी झालं?"

"मले सांगतलं काहून नाही? बाबाचं. तुले माहीत होतं न? फोटो बी लावला तुमी लोकायनं, अन् मले मोबाईलवर पाहा लागते."

तो रडत होता आणि मागे कँटीनची भांडी वाजत होती. मी म्हणत राहिले, काही नाही झालं, बाबा ठीक आहेत, पण ते मी कशाच्या जोरावर म्हणत होते? सकाळपासून मी घरी बोललेच नव्हते. भावानं मला स्क्रीनचा फोटो पाठवला. बाबा, निळा शर्ट, मोगऱ्याचा हार. खाली माझी ओळ. तुम्ही पाहिलेली फ्रेम अजून तुमची वाट बघते आहे.

मी बाबांना फोन लावला. उचलला नाही. बाजाराचा दिवस होता, फोन मशीनखालच्या पिशवीत असणार, हे मला कळत होतं. तरी सात वेळा लावला. दर वेळी रिंग संपेपर्यंत मला वाटत होतं की मी तो फोटो टाकला त्या क्षणाला कुठंतरी काहीतरी लिहिलं गेलं. मग आईला लावला.

"काय झालं वं, घाबरली काहून?" आई म्हणाली. तिच्यामागं बायकांचे आवाज होते. "हे पाय, तुह्या दोघी आत्या रडत आल्या माह्या दारात. मी म्हणलं, बाप्पा, तो तं बाजारात बसून पायजमे शिवून राहिला. तं त्या माह्याच अंगावर आल्या, लपवते म्हणून. शेजारच्या पोराले सायकलनं धाडलं, पाहून ये म्हणलं. तो आला, म्हणते, काका चहा पिऊन राहिले."

मी दुकानाच्या मागच्या दाराशी, काचेच्या तुकड्यांच्या पेटीवर बसले.

"कोणं केलं असन वं हे?" आईनं विचारलं.

आणि मी म्हणाले, "दुकानातल्या कोणाची तरी चूक झाली, आई."

दुकानात आम्ही दोघीच होतो. ताई आणि मी.

आईला तितकं वाईट वाटलेलं नव्हतं. उलट ती समजूत घालायला लागली. आमच्याकडे एखाद्याच्या डोक्याला कावळा शिवला तर त्याच्या नातेवाइकांना मुद्दाम खोटी वार्ता धाडतात, माणूस गेला म्हणून. ते रडतात, आणि त्या रडण्यानं आलेलं मरण टळतं. "समज, कावळा शिवला होता," आई म्हणाली. "रडल्या न तुह्या आत्या? झालं. वय वाढलं त्याचं." मग हळूच म्हणाली, "पण ज्यानं वार्ता धाडली, त्यानंच मागून खरं सांगा लागते. नाही तं अर्धंच राहते ते."

ते अर्धं माझ्यापाशी राहिलं.

त्या दुपारी मी जाहिरात थांबवली, दोन्ही फोटो पुसले, नमुन्याच्या जागी नुसती रिकामी फ्रेम लावली. ताईंना सांगितलं की फोटो बरा दिसत नव्हता. पण पितृपक्षात जाहिरात बंद ठेवता येणार नव्हती, आणि यादी तर तशीच होती. त्या यादीत माझ्या घरचे फोन होते. त्यांना वेचून बाहेर काढायची सोय नाही, कारण नावंच नसतात. नुसता आकडा. त्या आकड्यात कुठं भाऊ होता, कुठं आत्या होत्या, कुठं बाबा होते.

एकच करता येत होतं. नकाशा उघडून मी आमचं गाव शोधलं. नदीचं वळण सापडलं, बाजाराचं मैदान सापडलं. त्याच्यावर टाचणी रोवली आणि वगळा म्हटलं. गावाभोवती एक लाल गोल उमटला. या गोलात आता आमची जाहिरात जाणार नव्हती. कितीतरी वेळ मी त्या गोलाकडे बघत बसले. मला ते करताना फार विचित्र वाटलं, जणू मीच घराला बाहेरून कडी घातली.

भाऊ गोलाच्या बाहेर होता. त्याला रिकामी फ्रेम दिसत राहिली. त्यानं मला एकदा लिहिलं, "आता तं नुसती चौकट येऊन राहिली. फोटोची जागा सोडून ठेवली का?" खाली हसरा चेहरा टाकला होता. मी तो संदेश पुसला, पण पुसून काही होत नाही हे तोवर मला कळलं होतं. दुसऱ्यांच्या जाहिरातीही यायला लागल्या होत्या, त्याला आणि मलाही. अस्थी विसर्जनाच्या गाड्या. तेराव्याच्या जेवणाचे केटरर. कोणत्या तरी हिशेबात आमच्या घरात मयत झालं होतं, आणि तो हिशेब कोण ठेवतंय, त्याला जाऊन कुठं सांगायचं की चूक झाली, हे कोणालाच माहीत नव्हतं.

एकशे ऐंशी दिवस. ते मीच लिहिले होते. मी मनाशी धरून बसले की तेवढे दिवस बाबा राहिले पाहिजेत. यादीतून आपोआप गळून पडेपर्यंत. मी रोज सकाळी फोन करायची. आधी दोन दिवसांआड करायची, ते आता रोज. बाबा एकदा म्हणाले, "काय वं, रोज हजेरी घेते. पळून जातो का मी?" त्यांना साधा खोकला आला तरी मी मावशीच्या घरात जेवायची नाही. मावशी म्हणायची, तुला काही झालंय का, कोणाची नजर लागली का. मी म्हणायची, काम जास्त आहे.

दिवाळीला घरी जाऊन आले. बाबांच्या समोर बसले, त्यांच्या हातानं शिवलेला ब्लाउज घातला, आणि सांगितलं नाही. ते जेवताना मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

माघात एका दुपारी ताईंनी नकाशावरचा लाल गोल पाहिला.

"हे कोणी केलं? यवतमाळकडं कशाला वगळलंय?"

मला वाटलं, संपलं आता. नोकरी गेली, भिंगार गेलं. मी सांगायला सुरुवात केली ती मधे थांबताच आलं नाही. फोटो, हार, भाऊ, आत्या, कावळा. ताईंनी हातातला फोन उलटा करून ठेवला.

"आधी सांगायचं ना गं," त्या म्हणाल्या. मग काउंटर पुसायला लागल्या. पुसलेलाच होता तो. "तुला माहितीय मी पहिला नमुना का काढला?"

"नाही."

"ते माझे बाबा होते. मीच टाकला होता फोटो, त्यांचंच दुकान म्हणून. मी आपलं पान रोज उघडायची, मग यादीत मीही. दळण आणायला गेले, फोन उघडला की बाबा. डॉक्टरकडे नंबर लावून बसले की बाबा. माझेच बाबा मला दिवसातून चारदा विकायला यायचे." त्या जरा हसल्या. "तिसगावचा तो माणूस म्हणाला ना, ते खरं होतं. मी काही बोलले नाही तेव्हा."

त्याच दुपारी आम्ही एकशे ऐंशीचे सात केले. वाट बघण्याची ओळ काढली. पानावर वर एक पट्टी लावली, की हे पान तुमचा फोन लक्षात ठेवतं, नको असेल तर इथं दाबा. ऑर्डरी कमी झाल्या. ताईंनी त्याबद्दल मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि हे त्यांचे उपकार मी कसे फेडणार मला ठाऊक नाही.

"घरी सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जा. मागच्या खोलीत जा आणि लाव फोन."

मागच्या खोलीत काचा कापायचं टेबल आहे. त्याला टेकून मी बाबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मशीनचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"बाबा, तो फोटो मी टाकला होता. हाराचा. दुकानातल्या दुसऱ्या कोणी नाही."

"हाव. माहीत हाय मले."

"कोणी सांगितलं?"

"सांगा काय लागते? तो फोटो बस स्टँडवर तू काढला. तुह्याबिगर कोणापाशी हाय तो?" ते सहज बोलत होते, दोरा ओवत असावेत. "मले तं त्याच्या आदल्या दिवशीच दिसला होता. मशीनवर बसलो होतो, गाणे पाहून राहिलो होतो, तं मीच आलो हार घालून."

मी इथं फोटो बदलायचा विसरून ऑर्डरी लिहीत होते तेव्हा ते तिकडे एकटे स्वतःला हारात बघत होते, आणि त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच.

"भ्याले का तुम्ही?" मी विचारलं.

बाजारातला कोणीतरी त्यांना काज-बटणाचं विचारत होता, त्याला त्यांनी उद्या ये म्हटलं.

"कॉलर मुडपली हाय त्याच्यात," ते म्हणाले. "डावीकडची. मी शिंपी माणूस, अन् माह्या फोटोत कॉलर मुडपलेली. लोकं काय म्हणतीन?"

मी हसले, आणि मग रडले. त्यांनी रडू दिलं. आईच्या हिशेबानं तेही त्या वार्तेत धरायला हरकत नसावी.

गुढीपाडव्याला भावाच्या फोनवरून त्यांचा एक फोटो आला. नवा पांढरा शर्ट, स्वतः शिवलेला. पांढरी भिंत. नीट समोर बघताहेत, या वेळी हसतही नाहीत. कॉलर सुरीसारखी सरळ. खाली भावानं लिहिलं होतं, "बाबा म्हणते, हा ठेवून दे."

कशासाठी ते लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही. लाल गोल मी अजून काढलेला नाही, ताईही काढ म्हणत नाहीत. फोटो फोनमध्ये आहे. गिऱ्हाइकांचे फोटो वर चढवताना बोट खाली सरकवते तेव्हा तो मधेच येतो, आणि दर वेळी मी बोट उचलून धरते, चुकून त्याच्यावर टेकू नये म्हणून. मग घरी फोन लावते. रिंग वाजते तेवढा वेळ अजूनही त्या दुपारसारखाच जातो.